डिझेल दहाने वाढले, भाडे दोनशेने कसे?

घाटकोपरच्या एका कापड व्यापारी बंधूंनी मध्यंतरी आम्हाला एक साधा प्रश्न विचारला. त्यांचा माल मस्जिद बंदरहून टेम्पोने येतो. २०२२ च्या एप्रिल महिन्यात डिझेल महागले तेव्हा टेम्पोवाल्याने खेपेमागे दोनशे रुपये वाढवून घेतले. पुढे डिझेल उतरले, पण ते दोनशे रुपये काही उतरले नाहीत. हा हिशेब बरोबर आहे की नाही, एवढेच त्यांना जाणून घ्यायचे होते.

आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. मस्जिद बंदर ते घाटकोपर आणि रिकामी परत, अशी खेप सुमारे पस्तीस किलोमीटरची धरली. लहान टेम्पो माल भरून, शहरातल्या गर्दीत, लिटरला चौदा किलोमीटर जातो असे मानले. म्हणजे एका खेपेला अडीच लिटर डिझेल लागले. मुंबईत २१ मार्च २०२२ रोजी डिझेल ९४ रुपये १४ पैसे होते, ते ६ एप्रिल रोजी १०४ रुपये ७७ पैसे झाले. लिटरमागे वाढ १० रुपये ६३ पैशांची. अडीच लिटरला साधारण सत्तावीस रुपये. आणि भाडे वाढले दोनशेंनी!

टेम्पोवाला लबाड आहे, असा निष्कर्ष यावरून कोणी काढू नये. त्याच्या बाजूनेही हिशेब आहे. टायर महागतात, विमा महागतो, गाडीचा हप्ता थांबत नाही. शीव ते कुर्ला या पट्ट्यात आणि पुढे एलबीएस मार्गावर गाडी तासन्‌तास पहिल्या गिअरमध्ये सरकते, तेव्हा चौदाचे दहा किलोमीटर कधी होतात ते कळत नाही. दिवसाला तीन खेपा करणाऱ्याच्या दोनच होऊ लागल्या तर उरलेल्या दोन खेपांवरच सारा खर्च बसतो. त्याने दोन-तीन वर्षे भाडे वाढवलेले नव्हते, आणि डिझेलचे निमित्त मिळाले तेव्हा सगळे एकदम वसूल केले. खरी अडचण अशी की त्या दोनशेंपैकी डिझेलचे किती आणि बाकीचे किती, हे त्यालाही सांगता आले नाही आणि आमच्या व्यापारी मित्रांनीही विचारले नाही. म्हणून डिझेल उतरले तेव्हा काय कमी करायचे हेही कोणाला ठाऊक नव्हते.

इंधन महागले की आपल्या लोकांत दोन प्रकारची माणसे दिसतात. एक जण सगळा दोष दरवाढीला देतो आणि मनाला येईल तेवढा भाव वाढवतो. दुसरा गिऱ्हाईक तुटेल या भीतीने काहीच वाढवत नाही आणि सहा महिन्यांनी गल्ला रिकामा का राहतो याचे आश्चर्य करीत बसतो. दोघांनीही आपल्या मालाच्या एका नगामागे इंधन किती जाते, हे कधी मोजलेले नसते. ते कसे मोजावे, आणि आपल्या उपनगरांतल्या निरनिराळ्या धंद्यांत ते कोणत्या दाराने आत येते, ते आज पाहू.

भाव कसा बनतो

घाटकोपरपासून माहुलचे तेलशुद्धीकरण कारखाने फारसे दूर नाहीत. १९५० च्या दशकात एस्सो आणि बर्मा शेल या परदेशी कंपन्यांनी ते उभारले, आणि १९७४ व १९७६ मध्ये अनुक्रमे ते सरकारच्या ताब्यात आले. आज ते हिंदुस्तान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियमचे आहेत. मुंबई हाय येथे १९७४ मध्ये तेल सापडले. दाराशी विहीर असून पाणी इतके महाग का, असा प्रश्न जुने लोक विचारतात. उत्तर सरळ आहे. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक बाहेरून येते, त्याची किंमत डॉलरमध्ये मोजावी लागते, आणि घरच्या तेलाचा हिशेबही त्याच बाजारभावाला बांधलेला असतो. रुपया घसरला की कच्चे तेल जागेवर असूनही महागते.

पूर्वी हे भाव सरकार ठरवीत असे. पेट्रोलवरचे नियंत्रण जून २०१० मध्ये उठले, डिझेलवरचे ऑक्टोबर २०१४ मध्ये. १६ जून २०१७ पासून देशभर भाव रोज बदलण्याची पद्धत आली. कागदोपत्री अशी पद्धत आहे, पण प्रत्यक्षात काय घडले ते व्यापाऱ्याने लक्षात ठेवण्यासारखे आहे. नोव्हेंबर २०२१ च्या पहिल्या आठवड्यापासून २१ मार्च २०२२ पर्यंत, म्हणजे साडेचार महिने, भाव जागचा हलला नाही. नंतर सोळा दिवसांत चौदा वेळा वाढला आणि लिटरमागे सुमारे दहा रुपये चढले. मुंबईत पेट्रोल १२० रुपये ५१ पैशांवर गेले. त्यानंतर केंद्राने मे महिन्यात आणि राज्याने जुलै महिन्यात कर कमी केला, पेट्रोल १०६ रुपये ३१ पैसे व डिझेल ९४ रुपये २७ पैसे झाले, आणि तेथून मार्च २०२४ पर्यंत पुन्हा शांतता. म्हणजे भाव थोडा थोडा चढत नाही. तो बरेच दिवस बसून राहतो आणि मग एकदम उडी घेतो. शांततेच्या काळात केलेला सौदा त्या उडीच्या वेळी अंगावर येतो.

करांविषयीही एक गैरसमज आहे. कच्चे तेल स्वस्त झाले की पंपावर स्वस्ताई होईल, असे आपण धरून चालतो. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीमुळे जगात तेलाला गिऱ्हाईकच नव्हते, भाव पिंपाला वीस डॉलरच्या आसपास आला. त्याच सुमारास, मे महिन्यात, केंद्राने उत्पादन शुल्क पेट्रोलवर लिटरमागे १० रुपये आणि डिझेलवर १३ रुपये वाढविले. ते पेट्रोलवर ३२ रुपये ९८ पैसे आणि डिझेलवर ३१ रुपये ८३ पैसे झाले. तेल पुढे पुन्हा महागले तेव्हा कर मात्र तसाच राहिला, आणि २९ मे २०२१ रोजी मुंबईत पेट्रोलने शंभरी ओलांडली. नोव्हेंबर २०२१ आणि मे २०२२ मधील कपातीनंतर हे शुल्क अनुक्रमे १९ रुपये ९० पैसे व १५ रुपये ८० पैशांवर आले. एप्रिल २०२५ मध्ये तेल पुन्हा उतरले तेव्हा दोन्हींवर दोन-दोन रुपये वाढविण्यात आले. पंपावरचा भाव त्या वेळी बदलला नाही, पण जी स्वस्ताई मिळाली असती ती मिळाली नाही.

त्यावर राज्याचा व्हॅट. तो टक्केवारीने असल्याने मूळ भाव चढला की तोही चढतो. मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई या भागांत तो राज्याच्या इतर भागांपेक्षा जास्त होता. १ जुलै २०२४ पासून डिझेलवर २४ वरून २१ टक्के आणि पेट्रोलवर २६ वरून २५ टक्के करण्यात आला. पेट्रोलवर लिटरमागे ५ रुपये १२ पैशांचा जादा कर आणखी वेगळा.

नोंदणीकृत व्यापाऱ्यासाठी खरी मेख पुढेच आहे. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला, त्यात पेट्रोल, डिझेल आणि नैसर्गिक वायू घेतलेले नाहीत. आपण दोरा, कापड, पुठ्ठ्याचे खोके घेतो, त्यावर भरलेला कर पुढे वजा मिळतो. डिझेलवर भरलेला कर कोठेही वजा मिळत नाही. टेम्पोवाला तो भाड्यात घालतो, आपण तो मालात घालतो, आणि शेवटी गिऱ्हाईक देतो किंवा आपल्या नफ्यातून जातो. म्हणून डिझेलचा एक रुपया आणि दोऱ्याचा एक रुपया हिशेबाच्या वहीत सारखे नाहीत.

जीएसटीने वाहतुकीला एक फायदाही झाला, तो मुलुंड आणि दहिसरच्या मंडळींनी पाहिला आहे. जकात नाके बंद झाले. त्या रांगांत ट्रक रात्र-रात्र उभे राहत, इंजिन बंद-चालू करीत एक-एक गाडी पुढे सरकत असे, आणि ते जळलेले डिझेल कोणत्याही पावतीवर दिसत नसे. भाड्यात मात्र असे.

रिक्षावाल्याचे सहा महिने

आपल्या समाजातील हजारो घरांची चूल अंधेरी, जोगेश्वरी, कुर्ला, घाटकोपर येथील रिक्षांवर चालते. ही सारी वाहने सीएनजीवर आहेत, तेव्हा पेट्रोलच्या भावाशी आपला संबंध नाही असे पुष्कळ चालकांना वाटे. २०२२ ने हा समज मोडला.

१ एप्रिल २०२२ रोजी राज्याने नैसर्गिक वायूवरील व्हॅट साडेतेरा टक्क्यांवरून तीन टक्क्यांवर आणला. मुंबईत सीएनजी किलोला ६६ वरून ६० रुपयांवर आला. परंतु त्याच दिवशी देशातील जुन्या विहिरींच्या वायूचा सरकारी भाव २ डॉलर ९० सेंटवरून ६ डॉलर १० सेंटवर गेला. आठवडाही उलटला नाही तोच सहा रुपयांची सवलत गडप झाली. ऑगस्टमध्ये सीएनजी ८६ रुपयांपर्यंत गेला, नोव्हेंबरमध्ये साडेएकोणनव्वद रुपये.

आता भाड्याकडे पाहा. रिक्षाचे किमान भाडे १ मार्च २०२१ पासून २१ रुपये होते. ते २३ झाले १ ऑक्टोबर २०२२ रोजी. समजा रिक्षा दिवसाला १२० किलोमीटर धावते आणि किलोला तीस किलोमीटर देते. रोज चार किलो वायू लागतो. ६० रुपयांनी २४० रुपये, ८६ रुपयांनी ३४४ रुपये. रोजचे १०४ रुपये, महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर २,७०४ रुपये. ऑगस्टमध्ये हा भार चालकाने पूर्णपणे स्वतः उचलला, कारण भाव पंपावर एका रात्रीत बदलतो आणि भाडे मुंबई महानगर क्षेत्र परिवहन प्राधिकरणाच्या बैठकीत बदलते. आणि ज्याची रिक्षा स्वतःची नाही, पाळीने घेतलेली आहे, त्याला मालकाचे रोजचे भाडे आधी चुकते करावे लागते. वाढ जाते ती त्याच्या घरखर्चातून.

एप्रिल २०२३ मध्ये वायूच्या भावाचे सूत्र बदलले. तो कच्च्या तेलाच्या भावाच्या दहा टक्के आणि वर साडेसहा डॉलरची मर्यादा असा ठरला, तेव्हा मुंबईत सीएनजी ७९ रुपयांवर आला. किमान भाडे पुढे १ फेब्रुवारी २०२५ पासून २६ रुपये झाले. मधल्या काळात ज्यांनी रोजची वही ठेवली होती, त्यांना आपला तोटा सांगता आला. बाकीच्यांची नुसती तक्रार राहिली. किलोमीटर आणि किलो, एवढे दोन आकडे रोज रात्री लिहिले तरी पुरे. किलोमीटर अचानक कमी पडू लागले तर प्लग, एअर फिल्टर किंवा चाकातील हवा पाहावी. त्यात दरवाढीचा दोष नसतो.

भट्टी

सर्वांत मोठा प्रश्न सध्या बेकरीवाल्या बंधूंपुढे आहे. मुंबईच्या पावाच्या भट्ट्या पिढ्यान्‌पिढ्या लाकडावर चालत आल्या. पाडलेल्या इमारतींच्या चौकटी, मोडके फर्निचर, मालाचे पेटारे, हे भंगारातले लाकूड स्वस्त पडत असे. त्यामुळे पंपावर काहीही होवो, भट्टीला झळ लागत नव्हती. मुंबई उच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०२५ रोजी हवेच्या प्रदूषणासंबंधी आदेश दिला. लाकूड आणि कोळशावरील बेकऱ्या व तंदूर यांनी सहा महिन्यांत वायू, वीज यांसारख्या स्वच्छ इंधनाकडे वळावे, आणि नवे परवाने त्याच अटीवर द्यावेत, असे त्यात म्हटले होते. पालिकेने नोटिसा काढल्या. धूर वाईट आहे यात वाद नाही. भट्टीपाशी आयुष्य काढलेल्या कारागिरांची छाती हे आधीपासून जाणते. पण लाकडावरून वायूवर जाणारा बेकरीवाला पहिल्यांदाच अशा बाजारात पाऊल टाकतो, जेथे त्याच्या भट्टीचा भाव समुद्रापलीकडे ठरतो. म्हणून त्याने हिशेब आधी करावा.

इंधनांची तुलना किलोने किंवा सिलिंडरने करता येत नाही, उष्णतेने करावी लागते. सुकलेल्या लाकडाच्या एका किलोतून सुमारे ३,५०० किलोकॅलरी मिळतात. एलपीजीच्या एका किलोतून सुमारे ११,०००. पाइपच्या वायूच्या एका घनमीटरमधून साधारण ८,५००. विजेच्या एका युनिटमधून ८६०. हे झाले एकूण. त्यातली पावापर्यंत किती पोहोचते हे भट्टीवर अवलंबून आहे. जुन्या भट्टीत बरीचशी उष्णता धुराड्यातून आणि दारातून जाते.

समजा एखाद्या भट्टीला रोज १०० किलो लाकूड लागते. त्यात साडेतीन लाख किलोकॅलरी आहेत, आणि चौथा हिस्साच कामी येतो असे धरू, म्हणजे साडेसत्याऐंशी हजार. वायूच्या ओव्हनमध्ये अर्धी उष्णता कामी आली तर पावणेदोन लाखांची गरज लागेल. त्याला पाइपचा वायू सुमारे एकवीस घनमीटर, किंवा एलपीजी सोळा किलो, म्हणजे १९ किलोच्या व्यापारी सिलिंडरपेक्षा थोडा कमी. विजेच्या ओव्हनमध्ये सत्तर टक्के कामी आली तर सुमारे १४५ युनिट. आता आपल्या भागातला त्या दिवसाचा दर या आकड्यांना लावा, आणि लाकडाच्या खर्चाशेजारी मांडा. लाकडाच्या खर्चात ते फोडणाऱ्या आणि भट्टी रात्रीपासून पेटवणाऱ्या माणसाची मजुरी, राखेची विल्हेवाट आणि लाकूड ठेवायला अडलेली जागा धरायला विसरू नये. अंधेरीसारख्या ठिकाणी दहा फूट जागेचे भाडे लाकडापेक्षा महाग पडते. आमचे पाव, अर्धा, सत्तर टक्के हे अंदाज आहेत. ओव्हन विकणारा जे सांगेल तेही अंदाजच समजावे, आणि चालू असलेल्या दुसऱ्या बेकरीत जाऊन आठवड्याचे मीटर पाहूनच सौदा करावा.

आणखी एक गोष्ट जुन्या उस्तादांना सांगायला नको, पण नव्या मालकांना सांगावी लागेल. विटांची भट्टी एकदा तापली की हळूहळू निवते. त्या उतरत्या उष्णतेत आधी पाव, मग खारी, मग नानकटाई आणि शेवटी टोस्ट सुकवणे, असा क्रम बसलेला असतो. ती उष्णता जणू फुकट मिळते. वायूचा ओव्हन बंद केला की असे काही उरत नाही, आणि अर्धा रिकामा चालवला तरी जवळपास तेवढाच वायू खातो. तेव्हा कामाची वेळापत्रके बदलावी लागतील. पूर्ण भरल्याशिवाय घाणा लावायचा नाही, आणि दोनदा तापवायचे काम एकदा करायचे. रमजानमध्ये रात्रभर चालणाऱ्या बेकरीला हे सोपे जाते, उरलेल्या अकरा महिन्यांत कठीण.

भांडवलाचा प्रश्न राहतोच. व्याजाचे कर्ज घ्यायचे नाही असे ठरवलेल्या बंधूंची येथे खरी कसोटी लागते. एका गल्लीतल्या दोन लहान बेकऱ्यांनी एक ओव्हन भागीत घ्यावा आणि पाळीने वापरावा, हा मार्ग आम्हाला सर्वांत व्यवहार्य वाटतो. ओव्हन पूर्ण भरून चालतो, आणि पैसाही अर्धा लागतो. भागीचा करार मात्र लेखी असावा. वायू कोणाच्या नावावर, मीटर कोणी भरायचा, बिघाड झाला तर काय, हे आधीच लिहावे. नात्यातला आहे म्हणून तोंडी ठेवलेले करार मोडतात तेव्हा नातेही मोडते.

एक इशारा. घरगुती सिलिंडर धंद्यात वापरणे हा गुन्हा आहे. व्यापारी सिलिंडर महाग वाटतो, पण नोंदणीकृत व्यापाऱ्याला त्यावरचा जीएसटी नियमाप्रमाणे वजा मिळू शकतो. पाइपचा वायू जीएसटीबाहेर असल्याने त्यावरचा व्हॅट मिळत नाही. तुलना करताना हा फरक धरावा.

शिलाई यंत्रे आणि विजेचे बिल

विजेतही इंधनच असते. उपनगरांना दीर्घकाळ वीज देणारी बीएसईएस कंपनी पुढे रिलायन्सकडे आणि २०१८ मध्ये अदानींकडे गेली. तिचे डहाणूचे ५०० मेगावॅटचे केंद्र कोळशावर चालते. मुलुंडला महावितरण आहे. कोळसा किंवा वायू महागला की वीज नियामक आयोगाच्या नियमांनुसार बिलात इंधन समायोजन आकार येतो. बिलात हा रकाना शोधून पाहावा. युनिट तेवढेच आणि बिल जास्त, याचे उत्तर बहुधा तेथे सापडते.

साकीनाका किंवा जरीमरीच्या गाळ्यांत शिलाईचे कारखाने चालवणाऱ्यांसाठी एक ठोस गोष्ट. जुनी क्लच मोटर यंत्र शिवत नसतानाही फिरत राहते. कारागीर कापड जुळवतो, दोरा ओवतो, चहा घेतो, तेव्हाही ती वीज खाते. सर्वो मोटर पाय दाबला तरच फिरते. समजा वीस यंत्रे आहेत, प्रत्येकी ३०० वॅट, दिवसाला दहा तास. क्लच मोटरने सुमारे साठ युनिट. दिवसातला निम्म्याहून अधिक वेळ सुई थांबलेली असते, तेव्हा सर्वोने निदान अर्धी वीज वाचावी. गाळ्यातला आवाज आणि उष्णताही कमी होते, म्हणजे पंख्यांवरचा भार हलका. सगळ्या एकदम बदलायला नकोत. जी मोटर जळेल तिच्या जागी सर्वो घ्यावी.

शेवटचा माणूस

इंधनाची वाढ प्रत्येकजण पुढे ढकलतो. टेम्पोवाला व्यापाऱ्याकडे, व्यापारी दुकानदाराकडे, दुकानदार गिऱ्हाइकाकडे. ज्या कारागिराची मजुरी नगावर ठरलेली आहे, त्याच्यापुढे ढकलायला कोणीच नसते. तो सकाळी लोकलने येतो, पास काढलेला असतो, तोवर ठीक. स्थानकापासून कारखान्यापर्यंतचा रस्ता मात्र महागतो. ९ मे २०२५ पासून बेस्टचे किमान भाडे ५ वरून १० रुपये झाले, वातानुकूलित बसचे ६ वरून १२. रोज दोन फेऱ्या, सव्वीस दिवस, म्हणजे २६० चे ५२० रुपये. ज्याला महिन्याला पन्नास हजार मिळतात त्याला हे दिसत नाही. नगाला काही रुपये मिळवणाऱ्याला २६० रुपये कमवायला किती नग जास्त शिवावे लागतील, ते कारखानदाराने स्वतः मोजून पाहावे.

घाटकोपर ते अंधेरी-वर्सोवा मेट्रो ८ जून २०१४ पासून आहे आणि दहिसर ते अंधेरीच्या दोन मार्गिका जानेवारी २०२३ मध्ये पूर्ण झाल्या. बोरिवलीहून अंधेरीला नमुने घेऊन जाणाऱ्या व्यापाऱ्याला मोटार काढायची गरज आता क्वचितच पडते. परंतु मेट्रोचे तिकीट नगावारी कारागिराला परवडणारे नाही. दोन-चार कारागीर एकाच बाजूने येत असतील तर त्यांची वेळ एक ठेवावी, म्हणजे त्यांना शेअर रिक्षा परवडते. मालकाला याला काही खर्च नाही.

करारात काय लिहावे

आता पुन्हा त्या घाटकोपरच्या मित्रांकडे. आम्ही त्यांना टेम्पोवाल्याशी भांडायला सांगितले नाही. दोघांना समोरासमोर बसवून भाड्याचे दोन भाग केले. एक भाग गाडीचा, म्हणजे हप्ता, विमा, टायर, चालक, गर्दीत गेलेला वेळ. तो वर्षातून एकदा ठरेल. दुसरा भाग डिझेलचा. त्यासाठी एका वहीत दोन ओळी लिहिल्या: "आज मुंबईत डिझेलचा भाव अमुक आहे. तो यापेक्षा पाच रुपयांनी वर किंवा खाली गेला तर भाड्यात किलोमीटरमागे छत्तीस पैसे वाढवावेत किंवा कमी करावेत." छत्तीस पैसे कसे? पाच रुपये भागिले चौदा किलोमीटर. पस्तीस किलोमीटरच्या खेपेला साडेबारा रुपये.

टेम्पोवाल्याला "किंवा खाली" हे शब्द पहिल्यांदा आवडले नाहीत. मग आम्ही त्याला विचारले की डिझेल उद्या पंधरा रुपयांनी चढले आणि शेठने भाडे वाढवायला नकार दिला तर तू काय दाखवणार? थोडा विचार करून त्याने सही केली. त्यानंतर गाडीच्या भागात त्याने साठ रुपयांची वाढ मागितली, कारणे सांगितली, आणि ती त्याला मिळाली. शेजारच्या दोन दुकानदारांनी त्याच टेम्पोत आपला माल घालायचे ठरवले आहे. आठवड्याला अर्ध्या भरलेल्या तीन खेपा होत, त्यांच्या आता पूर्ण भरलेल्या दोन होतील. हमाली कोणी किती द्यायची, यावर अजून बोलणी चालू आहेत.